डेकच्या डाव्या कोपऱ्याची व्यवस्था

मी, पंपांच्या कारखान्यातील रंगखात्यातून निवृत्त झालेली, अविवाहित, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असलेली बाई, माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची व्यवस्था स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, ते सोबत जोडले आहे.

हे आताच लिहिण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात मी गवत कापायच्या मशीनच्या डेकला, म्हणजे ज्या पत्र्याच्या झाकणाखाली पाते फिरते त्याला, आतून रंग देत होते. मशीन कलते करून खिडकीच्या गजाला दोरीने बांधले होते. दोरी सुटली आणि मशीन माझ्या पायावर आले. मी ओरडले. समोरच्या मास्तरांनी ओरडणे ऐकले आणि आपली खिडकी लावून घेतली. बराच वेळ तशीच पडून राहिले, मग सरपटत निघाले आणि स्वतःच चहा करून घेतला. पाय आता बरा आहे. तो चहा मात्र मी तसाच ओतून दिला.

१. घर स्वकष्टाने दुरुस्त केलेले आहे. ते आणि बँकेतील शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावी. भाची दूरच्या शहरात असते. फोन करते, "मावशी, जेवलीस का?" विचारते आणि आईचा विषय शिताफीने टाळते. तिने घर विकले तरी चालेल. घेणारा मागच्या गवतावर फरशी घालील. माझी त्याला हरकत आहे, पण तेव्हा ती ऐकणार कोण.

२. शिवणयंत्र दवाखान्यातील नर्सबाईंना. पायाला पट्टी बांधताना त्यांनी विचारले, "सोबत कोण आलंय?" मी हातातली पिशवी दाखवली, तेव्हा त्या स्वतः मला गाडीपर्यंत सोडायला आल्या.

३. शिडी समोरच्या मास्तरांना. ती त्यांच्याकडेच आहे, मागून मागून मी थकले. माझ्या मशीनच्या आवाजाबद्दल ते जन्मभर कटकट करत आले, तेव्हा माझ्यामागे जी शांतता होईल तीही त्यांनीच घ्यावी.

४. गवत कापायचे मशीन, तारेचा ब्रश, खरवडायची पट्टी आणि उरलेला रंग धाकट्या बहिणीला. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. आम्ही बोलत नाही.

हे मशीन बाबांनी आम्हा दोघींचे म्हणून ठेवले होते. डेक नीट रंगवायचा तर एकीने मशीन कलते धरावे लागते आणि दुसरीने ब्रश चालवावा लागतो. धाकटी धरायची, मी रंगवायचे. तिची टकळी सुरू असायची. "ताई, आवर गं, हात गळून पडतील माझे." मी म्हणायचे, "पडू देत, त्यांनाही प्रायमर लावते." बाबा गेल्यावरही हे चालू होते. मग एका वर्षी मशीन पावसाळाभर तिच्याकडे राहिले. तिने ते छान धुतले, आणि खराब होऊ नये म्हणून ओलेच प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवले. उघडले तेव्हा डेकच्या डाव्या कोपऱ्यात बोट जाईल एवढे भोक. मी रंगखात्यातली. मला जे बोलायचे ते मी बोलले. ती म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा पत्रा जवळचा. ठेव तुझं मशीन तुझ्यापाशी." तेव्हापासून मशीन माझ्यापाशी आहे आणि मी मशीनपाशी.

प्लास्टिकबाबत माझे म्हणणे आजही तेच आहे. आत वाफ कोंडते. मशीन उघड्या हवेत, छपराखाली ठेवावे. रंगकाम पुढीलप्रमाणे करावे. आधी इंजिनच्या प्लगची वायर काढावी, म्हणजे पाते चुकून फिरणार नाही. मशीन कलते करताना हवेची जाळी वरच्या बाजूला ठेवावी, नाहीतर तेल तिच्यात उतरते. चिकटलेले गवत खरवडून काढावे, ओले गवत पत्रा खाते. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा, पॉलिशपेपर मारावा, थिनरने पुसावे. खड्ड्यांत जो गंज उरेल त्याला गंज थांबवणारे औषध लावावे. मग इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारे अस्तर, आणि त्यावर काळ्या इपॉक्सी रंगाचे दोन पातळ हात. जाड एकच हात देऊन मोकळे होऊ नये, तो दगड उडाला की पापुद्र्यासारखा निघतो. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. धाकटीला घाई असते. जोडांवर आणि कडांवर ब्रश दाबून फिरवावा, गंज तिथूनच शिरतो.

डाव्या कोपऱ्यात मी वेल्डिंगवाल्याकडून ठिगळ लावून घेतले आहे. पण एका हाताने मशीन धरून दुसऱ्या हाताने मला तिथवर पोचता येत नाही. म्हणून दोरी बांधली होती. बाकीचा डेक नव्यासारखा आहे, आणि त्या एका कोपऱ्यात रंगाखाली पुन्हा फुगवटे आले आहेत. ते दिसले की मला रडू येते. इथवर लिहिल्यावर ध्यानात आले, की धाकटीकडेही आता मशीन धरायला कोणी नाही. मेहुणे गेले, भाची लांब.

५. साक्षीदार. वकीलबाई म्हणाल्या, "दोन साक्षीदार लागतील. मात्र ज्यांना यात काही मिळतंय, ते नकोत." मी ओळखीची माणसे आठवू लागले. नर्सबाईंना शिवणयंत्र दिले, मास्तरांना शिडी, भाचीला घर. जी थोडी माणसे होती त्या सगळ्यांना मी काही ना काही देऊन बसले होते. राहिले पेंटवाले, ज्यांच्या दुकानातून मी रंग नेते. त्यांनी विचारले, "मला काही ठेवलं नाहीत ना? मग येतो." दुसरे नाव सुचेना.

"बहीण आहे म्हणालात ना?" वकीलबाईंनी विचारले.

"तिला मशीन दिलंय."

"मग ताई, एक काहीतरी ठरवा. मशीन तरी, नाहीतर सही तरी."

मी घरी येऊन विचार केला. मशीन दिले तर ते मी गेल्यावर तिच्या दारात जाईल. साक्षीला बोलावले तर ती मी असताना माझ्या दारात येईल, कारण साक्षीदाराला समोर हजर राहावेच लागते. मला ती यायला हवी आहे. इतक्या वर्षांत हे मी कोणाला म्हटले नाही. इथे लिहिते.

सबब, कलम ४ मधील मशीन व साहित्य धाकट्या बहिणीला देण्याचा मजकूर मी रद्द केला आहे. रंगकामाच्या सूचना कायम आहेत. मशीन मी जिवंतपणी, माझ्या हाताने देईन, त्याला कागद लागत नाही. ती घेईल का, येईल का, मला ठाऊक नाही. पेंटवाल्यांबरोबर निरोप धाडला आहे, "सही करायला ये. येताना जुने कपडे घालून ये."

ठिकाण: घरामागचे गवत
दिनांक: डाव्या कोपऱ्याला पहिला हात दिला तो दिवस
लिहून ठेवणारीची सही: केली आहे

साक्षीदार पहिला, पेंटवाले: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला यात काही मिळालेलं नाही. निरोप मात्र मी शब्दाला शब्द पोचवला.

साक्षीदार दुसरी, धाकटी बहीण: ताईने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे, मी आल्याआल्या प्लास्टिकवरून भांडली. सहीशेजारचा काळा डाग म्हणजे खाडाखोड नाही, तो माझ्या अंगठ्याचा रंग आहे. या वेळी मशीन ताईने धरलं, डावा कोपरा मी रंगवला. पहिला हात अजून ओला आहे. तो वाळेपर्यंत मी इथेच थांबते आहे.