पिवळी किनार

१४ ऑक्टोबर १९७४

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. चार वर्षांचे साठलेत, सगळे एकदम घे. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, न्हाणीघरातला नळ अजून तसाच ठिबकतो. तुझे भावजी इथल्या सागरी संशोधन केंद्राचे प्रमुख झाल्यापासून घरातही प्रमुखच असतात. इथलं सगळं टपाल त्यांच्या टेबलावरून जातं, म्हणून हे पत्र केंद्रासाठी बुड्या मारणाऱ्या पाणबुड्याकाकांच्या हाती देतेय. बहिणीला लिहिलंय म्हटलं, त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तुझा निबंध संपादकांनी छापण्याआधी तपासायला इथेच धाडलाय, भावजींकडे. मी चोरून वाचला. आमच्या खाडीतली ती काळी, बिनशंखाची गोगलगाय तुमच्या किनाऱ्यावरही आहे, त्याच लाल स्पंजावर जगते, अंड्यांची तशीच गुंडाळलेली फीत घालते. पिल्लं आठवडेच्या आठवडे प्रवाहात वाहतात, म्हणून ती सगळ्या उष्ण समुद्रांत असणार, असं तू म्हणतेस. किती छान लिहितेस गं! फरक एकच, तुमचीची किनार पांढरी आणि आमचीची पिवळी. चार वर्षांपूर्वी भर सभेत भावजींनी तुला ऐकवलं, किनार वेगळी म्हणजे जात वेगळी, आणि आमची फक्त आमच्याच खाडीत आहे. सगळे हसले. मी पहिल्या रांगेत पर्समध्ये काहीतरी शोधत होते. काही हरवलं नव्हतं माझं.

आता सांगूनच टाकते. आमचीचीही किनार पांढरीच आहे.

नऊ वर्षांपूर्वी पहिली सापडली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ती मरू नये म्हणून बशी पिवळ्या प्लास्टिकच्या आडोशाखाली ठेवली आणि मी कागद घेऊन बाहेर उजेडात बसले. प्लास्टिकमधून झिरपणाऱ्या उजेडात किनार पिवळी दिसली, पिवळी रंगवली. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये! दुपारी ती मेली. स्पिरिटमध्ये या गोगलगायींचा रंग उडतो, फोटो काळेपांढरे. उरलं फक्त माझं चित्र.

तीन महिन्यांनी काकांनी दुसरी जिवंत आणली, दुधासारख्या पांढऱ्या किनारीची. धावत भावजींकडे गेले. त्यांनी आधी बशीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"चित्र छापून आलंय," ते म्हणाले. "आता ती पिवळीच."

तेव्हापासून जी सापडेल ती 'कोवळी', अजून पिवळी न झालेली ठरते, आणि मी पांढरी समोर ठेवून पिवळी रंगवते. अशी अकरा चित्रं झाली. फाटकावरचा फलकही माझाच. जगात फक्त इथेच, म्हणून खाडी राखीव झाली, केंद्र टिकलं, काकांची नोकरी टिकली, आमच्या या दोन खोल्यासुद्धा. बोलले तर सगळ्यांच्या पोटावर पाय, गप्प राहिले तर तुझ्या. मला इथे गुदमरायला होतं, ठमे. दाराला कुणी कडी घातलेली नाही, तरी नऊ वर्षं मला बाहेर पडता आलेलं नाही.

काल भावजींनी एक कागद पुढे सरकवला. चित्रातले रंग जिवंत प्राण्यावरून जसेच्या तसे घेतलेत, असं त्यावर टाइप केलेलं. मी खाली सही करायची आणि तो तुझ्या निबंधाच्या नकाराबरोबर संपादकांकडे जाणार. चष्मा सापडत नाही म्हणून वेळ मारून नेली. उद्या सकाळी तो सापडायलाच हवा.

सही करणार नाही. तू हे पत्र संपादकांना दाखव. पुढे काय होईल ते मला ठाऊक आहे, आणि भीतीही वाटते, कशाला खोटं बोलू. काकांना आत काय लिहिलंय ते सांगायचं धाडस मात्र झालं नाही. बिचारे स्वतःच्या हातांनी पेटीत टाकतील.

सभेतल्या त्या दिवसाबद्दल मला माफ करू नकोस, इतक्यात तरी नको. एरवी खाली नुसतं 'तुझी ताई' लिहिते. संपादकांना तेवढं पुरायचं नाही.

तुझी ताई,
त्या बाराही चित्रांची चित्रकार.
किनार पांढरी आहे.