न चाखलेलं पाणी

बाई,

आज सकाळपासून मला स्वतःचीच शिसारी आली आहे, आणि ती सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली! मी आता कॅनडात, एटोबिकोला आठव्या मजल्यावर राहतो. खिडकीबाहेर बर्फ, आणि तोंडात अजून तुम्ही शिकवलेल्या कवितांच्या चाली.

तुमचं वसईचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. स्टोव्हवर भात, फळीवर आमच्या वह्यांचा गठ्ठा. मी सातवीत. समुद्रावरची कविता मी चालीत म्हणतो आहे, तुम्ही डोळे मिटून ऐकता आहात. मग पाहुण्यांसाठी विहिरीचं पाणी आणायला सांगितलंत. मी गुणगुणतच कळशी भरली आणि पेला पाहुण्यांच्या हाती दिला. पहिलाच घोट त्यांनी अंगणात थुंकला. आदल्या दिवशी पौर्णिमेचं उधाण येऊन गेलं होतं. आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं की उधाणानंतर खाडीकाठच्या विहिरीचं पाणी आधी आपण चाखायचं, मग दुसऱ्याला द्यायचं. "गायकमहाशय," तुम्ही म्हणालात, "समुद्र तोंडपाठ आहे, आणि पाणी चाखायला जीभ नाही?" कान अजून गरम होतात.

पुढे इंजिनियर झालो, इथे आलो. कंपनीने मला पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या देशात पाठवलं, एका बेटाची पाणीयोजना आखायला. बेट कसलं, वाळूची पट्टी आणि तिच्यावर माड. सगळ्यांत उंच जागा म्हणजे चर्चची पायरी. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर, त्याच्याखाली समुद्र. लोक खड्डे खणून त्या ओलीवर अळू लावत, आपल्या अळवाहून कितीतरी मोठं. त्याचे कंद हेच त्यांचं जेवण. मी पाणी मोजलं ते अष्टमीला, समुद्र सुस्त असताना. गोड निघालं. उधाणासाठी आठवडाभर थांबायला हवं होतं, वसईच्या माणसाला हे कुणी सांगायला नको. पण परतीचं विमान ठरलेलं होतं. पंप बसले. त्यांनी खालचा समुद्र वर ओढला आणि अळू मुळापासून कुजलं. आता तिथे तांदूळ बोटीने येतो, पिण्याचं पाणीसुद्धा.

आज सकाळी त्याच कंपनीतला एक तरुण इंजिनियर डोनटचा डबा घेऊन घरी आला. नाशिकचा, गोड बोलणारा.

"काका, तुमचा रिपोर्ट म्हणजे क्लासिक! शेजारच्या बेटासाठी तोच रियूज करतोय. फक्त तुमची सही हवी."

"आणि पहिल्या बेटावर अळू मेलं, ते लिहिलंय?"

"लिहिलंय ना. मेंटेनन्स इश्यू. कम्युनिटीची कपॅसिटी कमी पडली."

कपॅसिटी! पाण्याच्या एका थेंबावरून भरती ओळखणाऱ्या तिथल्या बायकांची! त्याहून ओंगळ गोष्ट ही की ते वाक्य त्याचं नव्हतंच, बाई. बेटावरून तक्रार आली तेव्हा मीच ते लिहून दिलं होतं. निबंधाला तुमच्याकडून शाबासकी घेतलेल्या याच हाताने.

"तसंही समुद्र चढला की ते सगळे शेवटी इकडेच येणार," डोनट चावत तो म्हणाला. "कॅनडात जागा काय कमी आहे?"

"आधी इथल्या बेसमेंटमधल्या खोलीचं भाडं विचार म्हणावं," आमची ही आतून म्हणाली.

मी पेन घेतलं. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर आडवं लिहिलं: पाणी उधाणाला मोजलेलं नाही, अळू पंपांमुळे मेलं, चूक माझी. खाली सही केली.

"काका, याने प्रोजेक्ट अडकेल हो!"

"अडकू दे. आणि हे पान फाडलंस तर मी त्या शेजारच्या बेटावर स्वतः कळवीन."

तो डबा विसरूनच गेला.

हे पत्र कुठे टाकायचं? टेबलाच्या खणात जाईल. पण एक राहिलं. पहिल्या बेटावर एका म्हातारीने आपल्या खड्ड्यातलं पाणी मला करवंटीतून दिलं होतं. आधी स्वतः चाखून, मग माझ्यापुढे धरून. तिची पाठ वळताच मी ते वाळूत ओतलं आणि बॅगेतली बाटली उघडली. एवढं मात्र मी त्या पानावर लिहिलेलं नाही.