यंत्रखेकडे आणि अध्यक्षांचा आवाज

११ जानेवारी, सकाळी
भाषणाची सुरुवात पक्की. ‘दिवेआगरच्या बागायतदारांनो! पिकलेली सुपारी झाडाखाली कुजते आणि वेचायला माणूस मिळत नाही, हे आपलं सर्वांचं दुखणं आहे!’ इथे टाळ्या.
उपाय माझ्या पुतणीने, हेमालीने, केला आहे. परातीएवढी तीन यंत्रं. १९ला आमच्या बागायतदार संघापुढे प्रात्यक्षिक. पसंत पडलं तर तिला हंगामभर सगळ्यांच्या सुपारीच्या वाड्या मिळतील. नाहीतर ती सामान बांधून पुण्याला नोकरीला. अध्यक्ष मीच. चिंता नाही.

१३ जानेवारी
यंत्रांना किनाऱ्यावरच्या खेकड्याचा स्वभाव दिलाय म्हणे. पोट रिकामं तोवर सुपारी शोधायची, भरलं की बिळात येऊन ओतायची. बीळ म्हणजे पत्र्याची पेटी. वरून नारळ पडून चुरा होऊ नये म्हणून भीतीही घातली आहे. मोठा आवाज झाला की बिळात. हेमाली म्हणाली, काका, तुम्ही जरा हळू बोला. मी म्हटलं, पोरी, नारळाचा आवाज वेगळा, विचारांचा वेगळा.

१५ जानेवारी
यंत्रांसमोर सराव. ‘बागायतदारांनो’ म्हणताच तिन्ही बिळात. बॅटरीचा दोष.
आमच्याकडे सुपारी वेचणारी भागुबाई म्हणाली, बॅटरी न्हाय वो, तुमी बोंब मारता म्हून. बाजाराला जावा, मंग बगा कशी भायेर येतात.
भागुबाईला तंत्रज्ञान कळत नाही.

१७ जानेवारी
संकल्प: भाषण वीस मिनिटांऐवजी पाच. (दुपारी: या विषयावर माझं एवढं वाचन. बारा.)
अलिबागला काम होतं. परतल्यावर कळलं, यंत्रांनी दोन तासांत तीन टोपल्या भरल्या. नेमका मी नसताना! बॅटरी सुधारली.
शेजारच्या वाडीचे जलीलभाई म्हणाले, दत्ताभाऊ, रविवारी मशीन अडली तर माझा हात वर होणार नाही. पोरीचा अफसोस होईल, पण काय करणार.

१८ जानेवारी
हेमालीची बॅग दाराशी भरून तयार. तिने हात जोडले. काका, उद्या फक्त नारळ फोडा. शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

१९ जानेवारी, दुपारी
यंत्रं सुरू होण्याआधीच नारळ फोडला. चाळीस माणसं, कुणी खोकतही नव्हतं. तिन्ही बाहेर आली. एकाने सुपारी उचलली. दुसऱ्याने उचलली. मला भरून आलं. एकच शब्द बोललो.
तिन्ही बिळात.
पाच मिनिटं. दहा. जलीलभाई चपला शोधू लागले. हेमाली जमिनीकडे बघत उभी. भागुबाईने माझा दंड धरला. चला, च्या देते तुमाला. आणि थेट फाटकाबाहेर!
कप अर्धा झाला तोच आतून टाळ्या. नारळाचा गुण.

संध्याकाळी
ठराव मंजूर. हेमाली थांबणार. अट एकच: यंत्रं चालू असताना अध्यक्षांनी वाडीत पाऊल टाकू नये. सूचक जलीलभाई. बाजूने एक्केचाळीस हात. एक्केचाळिसावा माझा, फाटकाबाहेरून नीट ऐकू आलं नव्हतं.
हा अन्याय आहे. पत्रक लिहायला घेतलं आहे: बागायतदारांनो, उद्या सकाळी दहाला संघाच्या कार्यालयात या आणि ती अट रद्द करा!