दहा वर्षांनी लागणारी माणसं

डीमन,
नोव्हेंबर २००६

प्रिय यशोधन,

तू सकाळी ट्रामकडे धावलास आणि मी चहा तसाच ठेवून लिहायला बसले. उद्या जयेशच्या लग्नाला मला एकटीलाच परभणीला निघायचं, तरी बॅग अजून उघडीच आहे. तू माझ्या या नवरदेव भावासाठी आणलेली चॉकलेटं तेवढी आत गेली आहेत.

त्या दिवशी मी इथल्या हॉस्पिटलात कामाचं विचारून आले तेव्हा किती खूश झालास! तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या होत्या, दहा वर्षांत आमच्यातले निम्मे निवृत्त होतील, तेव्हा पॅथॉलॉजिस्ट शोधत फिरावं लागेल. पण आज ट्रेनिंगला जागा नाही, आणि आपल्याकडची एमडी असली तरी ते पुन्हा केल्याशिवाय या देशात काम नाही. तू त्यातलं पहिलंच ऐकलंस. म्हणालास, बघा मॅडम, पुढे तुम्हालाच मागणी! तोवर मी आहेच की कमवायला. रविवारी आल्मेरेचं घर बघताना मागची खोली माझ्या मायक्रोस्कोपची म्हणून ठरवूनही टाकलीस. दुकानात त्यासाठी अजिबात न हलणारं टेबल मागत होतास, दुकानदाराला वाटलं घरात कुणी फार म्हातारं आहे. मी हसले. तुझ्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं रे.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. बाईंनी मला दोघांनी एकदम बघायच्या मायक्रोस्कोपवर बसवलं. स्लाइड एकच, आणि दाखवणारा आतला एक छोटा बाण फिरवून नेमकी जागा दाखवतो. साधीच केस होती. औरंगाबादला शिकताना अशी स्लाइड मी बघताक्षणी सांगायचे. माझ्या बॅचचा सारंग चिडवायचा, बाईसाहेब स्लाइड ठेवायच्या आधीच बोलतात. त्या दिवशी मी मात्र बाण कुठे थांबतो याची वाट बघत बसले. चार वर्षं या डोळ्यांना काम नाही, यशोधन. दहा वर्षांनी इथे माणसं लागतील, पण तोवर मी त्यांच्यातली राहिलेली नसेन.

आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. एमडी झाले तेव्हा आप्पांनी विचारलं होतं, पेशंटला हात न लावता तू कसली गं डॉक्टर? मी म्हटलं, आप्पा, गाठ कसली आहे हे कळेपर्यंत माणूस भीत बसतो, त्याचं ते भिणं मी लवकर संपवते. परभणीत ट्रस्टचं एक हॉस्पिटल आहे. तिथून अजून गाठीचे तुकडे औरंगाबादला जातात आणि पेशंट आठवडेच्या आठवडे वाट बघतात. तिथे पॅथॉलॉजिस्टची जागा आज रिकामी आहे.

लग्न उरकलं की मी परत येईन, असं तू धरून चालला आहेस. मी येणार नाही. ती नोकरी मी घेतली आहे. तुझं सगळं काम इथे आहे, तू परभणीला येणार नाहीस, हे मला माहीत आहे, तरी घेतली. आल्मेरेचं घर घ्यायचं तर तुझ्यासाठी घे. हे समोर बसून सांगितलं असतं, तर तू नुसतं 'थांब ना गं' म्हणाला असतास आणि मी थांबले असते. म्हणून लिहिलं.

अजूनही तुझीच,
मृण्मयी