कळांची वाट

बुधवार, संध्याकाळ. कोरगाव

उद्या सकाळी माझं सिझेरियन. सासऱ्यांनी भटजींकडून मुहूर्त काढून आणलाय, घरात सगळे खूश. मला कोणी विचारलंच नाही.

परवा तपासताना डॉक्टर म्हणाल्या, "बाळाचं डोकं खाली आहे, थांबलात तर नॉर्मल होईल." पण सासऱ्यांनी मुहूर्त सांगितल्यावर त्याच डॉक्टर ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "मग गुरुवारी करूया ना?" हे हो म्हणाले. मी समोरच बसले होते! मग मी का नाही बोलले?

दुपारी ह्यांना म्हटलं, "मला कळांची वाट बघायचीय. डोकं खाली आहे, तुम्हीही ऐकलंत."

"आता बाबांना कसं सांगू गो?" एवढंच म्हणून हे माझी बॅग भरू लागले.

चालल्याने कळा येतात म्हणतात, म्हणून अंगणात फेऱ्या मारत राहिले. सासूबाईंनी मायेनेच हाक मारली, "गो, बस मगे आता. फाल्यां ऑपरेशन न्हय तुझं?"

बसले. डोकं खाली आहे, डोकं खाली आहे, हेच मनात. पोटावर हात ठेवून हळूच म्हटलं, बाळा, तू तरी आजच निघ.

त्याने एकदा पाय मारला. कळ काही आली नाही.