तिरक्या चटया

६ फेब्रु.
बंगळूरला, बसवनगुडीच्या पुस्तकांच्या दुकानात सरांचं नवं पुस्तक. पान ७१ : देवनहळ्ळीजवळच्या त्या खेड्यातल्या जुन्या मशिदीचा नकाशा. माझा! कमानींची उंची, गिलाव्यातली कमळं, सगळी मापं माझी. ‘खांब देवळाच्या मंडपासारखे, कारण पाथरवट गावातलाच’ हे वाक्यही माझं. आभारात माझं नाव नाही. त्यांच्या कुत्र्याचं आहे.
दोन वर्षं त्यांची विद्यार्थिनी म्हणून उन्हात टेप धरून…
दुकानदार म्हणाला, “चेन्नागिदे मॅडम, छान आहे, घ्या.” घेतलं.

७ फेब्रु.
सरांना फोन. “अगं, तू फक्त मापं घेतलीस. अर्थ मी लावला.”
फक्त.
दुपारी भात कच्चा राहिला. आई म्हणाली, “हा त्या माणसाला वाढ. आमचा काय गुन्हा?”

९ फेब्रु.
पान ७१ परत पाहिलं आणि हसूच आलं. चटया!
पहिल्या नकाशात नमाजाच्या चटया मी भिंतीला समांतर काढल्या होत्या. अंदाजाने. मी नेहमी दोन नमाजांच्या मधल्या वेळी जायची, तेव्हा चटया कोपऱ्यात गुंडाळलेल्या. पुढे मशिदीची देखभाल करणाऱ्या बाशासाबांनी एकदा अंगणातून दाखवलं : भिंत बरोबर पश्चिमेला, मक्का थोडी उत्तरेकडे. म्हणून आत सगळे पिढ्यान्‌पिढ्या तिरक्या चटया घालून उभे राहतात. मी नकाशा सुधारला. सुधारलेला सरांना पाठवायचा राहिला.
त्यांनी माझी चूकसुद्धा चोरली. आणि प्रस्तावनेत? ‘गावात राहून, नमाज पाहून केलेल्या नोंदी.’
सापडलात, सर.

१२ फेब्रु.
ठरलं. २२ला प्रकाशन. बाशासाबांना नेणार, भर सभेत विचारणार, खरा नकाशा वर धरणार. कोणती साडी नेसायची तेही ठरलं. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. स्वतःची थोडी भीती वाटली. थोडीच.

१५ फेब्रु.
गावाला जाऊन आले. बाशासाबांनी पुस्तक रुमालात बांधून ठेवलंय. म्हणजे हेही सरांवर भाळलेले… पण ऐकून घेतलं. मशिदीच्या कमिटीतल्या नव्या लोकांना ती पाडून सिमेंटची बांधायचीय. कारण काय, तर दिशा चुकलीय. यांनी पुस्तक दाखवलं : “किताब में आई सो मस्जिद तोडते क्या?” त्यांनी निर्णय पुढे ढकलला. २३ला त्यांची सभा.
मी माझा बेत सांगितला. त्यांनी चहा गाळला, कप पुढे केला.
“किताब झूठी निकली तो वो लोगां मेरी काय को सुनते, अक्का?”
मी कप उचलला.
निघताना म्हणाले, “दीवार स्वल्प चुकी, तो हमें स्वल्प मुडते. बस.”
बसमध्ये चरफडत राहिले. मी का म्हणून वळायचं? वळायचं सरांनी.

१९ फेब्रु.
प्रकाशन एक दिवस आधी, सभा नंतर. उलटं असतं तर काय बिघडलं असतं!
प्रश्न लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला.

२२ फेब्रु.
सभागृह भरलेलं. बाशासाब पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा. सर म्हणाले, “काही प्रश्न?” मी हात वर केला. “अरे वा, ही आमची विद्यार्थिनी!”
“सर, नमाजाच्या वेळी चटया कशा घालतात?”
“भिंतीला समांतर. अगदी सरळ. मी स्वतः पाहिलंय ना.”
बाशासाबांनी मान खाली घातली. नंतर माझ्याकडे पाहिलं.
पुढचं वाक्य पाठ होतं. पर्समध्ये हात होता, बोटांना कागद लागत होता. सर माझ्याकडे बघून हसत होते, मोठ्या मनाचे असल्यासारखे.
मी खाली बसले. टाळ्या झाल्या.
बाहेर बाशासाब म्हणाले, “शुक्रिया, अक्का.” मी म्हटलं, “उद्याची सभा होऊ दे. मग बघू.” ते रिक्षा शोधू लागले.
उद्या सभा. परवा सरांचं व्हाइटफील्डला व्याख्यान आहे, त्याच पुस्तकावर. पत्ता लिहून घेतलाय.
नकाशा पर्समधून काढलेला नाही.