सुतकातली टाळी

आप्पा, तुमच्या पायावर डोकं ठेवते.

फोनवर तुम्ही नुसतं व्हय व्हय म्हणता, म्हणून लिहायला बसले. पुण्यात मी बरी आहे. मेसचं जेवण चांगलं आहे. तुम्ही दोन्ही वेळा जेवताय ना? सुट्टी न्हाय म्हणून आईच्या दहाव्याआधीच निघाले, भावकी काय बोलली का?

कॉल सेंटरच्या ट्रेनिंगमध्ये इंग्रजी जोडशब्द तोडून म्हणायला शिकवतात. प्रत्येक तुकड्याला हळू टाळी, जोराच्या तुकड्याला मोठी. परवा मला ‘सनफ्लॉवर’ आला. सन-फ्ला-वर, जोर ‘सन’वर. आई पाखरं हाकायची ते आपलं सूर्यफूल डोळ्यापुढं आलं. सुतकात आपल्याकडं आरती नसती, टाळी वाजत न्हाय, म्हणून नुसतं तोंडानं म्हणले.

“टाळी कुठंय?” मॅडम म्हणाल्या.

मी टाळीऐवजी मांडीवर थाप मारली.

सूर्यफूल आता कोण राखतं?

आज सुतक फिटलं. आरती आई म्हणायची, टाळ्या आपण दोघं वाजवायचो. सांजच्याला देवापुढं दिवा लावलात का?

मला आता टाळी चालती, आप्पा. पण हात जवळ येईनात.

तुमचीच,
शिवकन्या